गेटवरचा सभासद, वस्तीतला मतदार

(महापालिका निवडणुकीच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२५ मध्ये, पुण्यात डाव्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

साथींनो, मला ‘डाव्या चळवळीपुढील आव्हाने’ असा विषय दिला होता. या विषयावर मी इतक्या वेळा बोललोय की आव्हानांनाही आता माझा कंटाळा आला असेल. तेव्हा आज आव्हानं राहू देत. एका रजिस्टरबद्दल बोलतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनमधला एक जण महापालिकेला उभा राहिला. कारखान्याच्या गेटवर भाषणं करून आवाज बसलेला, दोनदा सस्पेंड झालेला माणूस. मोजणीच्या दिवशी डिपॉझिट गेलं. संध्याकाळी एक जुना सभासद येऊन बसला आणि म्हणाला, “साहेब, तुम्हाला द्यायचं होतं हो. पण माझं नाव तुमच्या वॉर्डात नव्हतंच.” तेव्हा आम्ही पहिल्यांदा युनियनच्या सभासदांचं रजिस्टर त्या नजरेनं उघडलं. त्यात खातं होतं, टोकन नंबर होता, वर्गणी कुठल्या महिन्यापर्यंत भरलीय तेही होतं. घरचा पत्ता मात्र नव्हता. ज्याच्या पगाराची पै न् पै आम्हाला पाठ, तो राहतो कुठे हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळा त्याचाच विस्तार. माणूस शिफ्टपुरता आपला असतो. शिफ्ट सुटली की त्याला पोराचा शाळाप्रवेश असतो, आईसाठी ससूनमध्ये खाट हवी असते, उत्पन्नाचा दाखला काढायचा असतो, गल्लीतलं ड्रेनेज तुंबलेलं असतं. यातल्या एकाही कामासाठी तो आपल्याकडे येत नाही, कारण आपण वस्तीत नसतोच. तिथे दुसरा कुणीतरी असतो. तो गणपतीत मंडळाला वर्गणी देतो, मयतीला पोचतो, दहाव्याला येऊन टेकतो. पगारवाढीसाठी लाल बावटा आणि मताला तो, असा हिशेब लोकांनी केला, तर त्यांना कृतघ्न म्हणायची आपल्याला जुनी खोड आहे. त्यांचा हिशेब चोख आहे. वही आपलीच अर्धी कोरी आहे.

हे आजचं नाही. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या. गिरण्यांचा भाग, कामगारांची वस्ती, ताजा घाव. तरी जागा गेली, आणि शिवसेनेला तिचा पहिला आमदार मिळाला. गेटवर आपण होतो, चाळीत शाखा होती. यावर आपल्याकडे बरीच विश्लेषणं लिहिली गेली. चाळीत खोली घेऊन बसावं असं किती जणांना वाटलं, कोण जाणे.

उलट उदाहरणही आपल्याच घरातलं आहे. मृणाल गोरे गोरेगावात पाण्याच्या नळापासून सुरू झाल्या. १९७२ च्या महागाईत त्यांनी आणि अहिल्याताई रांगणेकरांनी बायकांच्या हातात लाटणं दिलं. लाटण्याला अर्थ सांगावा लागत नाही. १९७७ ला मृणालताई लोकसभेत गेल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा लोकांनीच घोषणा केली, “पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात.” अशी घोषणा पक्ष कार्यालयात बसून सुचत नाही. आणि पुण्यात तर बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं १९७४ मध्येच ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. युनियननं मजुरीचा दर वाढवून द्यायचा आणि स्वस्तात पोटभर जेवणही घालायचं, हे इथलंच शिक्षण आहे. याच शहरानं १९५७ ला नानासाहेब गोरे आणि १९६७ ला एसेम जोशी हे समाजवादी लोकसभेत पाठवले. तेव्हा ‘पुणं आपलं नव्हतंच’ ही पळवाट बंद करू या.

आता गणिताकडे येतो. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासक आहे. सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२६ च्या आत निवडणुका घ्यायला सांगितलंय. जागा १६५, प्रभाग ४१. बहुतेक प्रभाग चार जणांचे, म्हणजे २०११ च्या जनगणनेनंही एकेका प्रभागात सरासरी ऐंशी हजारांच्या वर माणसं. ही रचना छोट्या पक्षाला मारते, यात वाद नाही. पण तिच्यावर पत्रक काढून प्रभाग लहान होणार नाही. आपले सभासद शहरभर विखुरलेले आहेत. ते पत्त्यानुसार लावून पाहिलं, तर कदाचित दोन किंवा तीनच प्रभाग असे निघतील की जिथे आपली माणसं दाट आहेत. तेवढेच लढा. बाकी ठिकाणी ‘पक्षाचं अस्तित्व दाखवण्यासाठी’ उमेदवार देऊ नका. डिपॉझिट जाऊन कुणाचं अस्तित्व दिसलेलं मी पाहिलेलं नाही.

भाषेबद्दल थोडं कडू बोलतो. कारखान्यातला दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत न्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं नुकताच घेतला. आपलं पत्रक मी वाचलं. पहिल्याच ओळीत ‘नवउदारमतवादी धोरणांचा कामगारवर्गावरील हल्ला’. बरोबर आहे, पण चाकणला पॅकिंगवर उभी असणारी बाई रात्री आठला सुटली तर घरी कशी पोचणार, भाकरी किती वाजता थापणार, हे त्या पत्रकात कुठेच नाही. ती ओळ आधी हवी होती. धोरण मागून आलं असतं तरी चाललं असतं.

आणि लाडकी बहीण. गेल्या वर्षी आपलेच काही कॉम्रेड दीड हजाराला ‘भीक’ म्हणत हिंडत होते. पर्वती पायथ्याला धुणंभांडी करणारी एक बाई मला म्हणाली, “दादा, ते माझ्या खात्यात येतात, नवऱ्याच्या नाही.” यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि बरं झालं. टीका करायचीच तर वेगळी करा. ही योजना शासन निर्णयावर चालते, कायद्यावर नाही. आज निकष एक, उद्या दुसरा, कुणाचं नाव कधी कटेल सांगता येत नाही. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांच्या मोर्च्यांतून जो रेटा उभा राहिला, त्यामुळे रोजगार हमी पुढे कायद्यात आली. कायदा १९७७ चा. मागितलं की काम द्यावंच लागेल, हा तिचा कणा. तसं मागा. ‘दीड हजार बंद करा’ म्हणणाऱ्याच्या रांगेत आपण चुकूनही दिसता कामा नये.

टाळ्यांना भुलू नका. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला किसान लाँग मार्च सुमारे १८० किलोमीटर चालून मुंबईत आला. दहावीच्या पोरांची परीक्षा चुकू नये म्हणून ती रक्ताळलेली पावलं रात्रीतच आझाद मैदानावर गेली. मुंबईनं पाणी दिलं, चपला दिल्या, मलाही रडू आलं. पुढच्याच वर्षी विधानसभेला माकपनं डहाणूची एक जागा जिंकली, पण नाशिक जिल्ह्यातली, हातातली कळवणची गेली. चपला देणाऱ्यांचं मत कळवणला नव्हतं.

आता डिलिव्हरीवाली मुलं. त्यांना गेटच नाही. हॉटेलांसमोर गाडीवर बसलेली असतात. बरीचशी लातूर, बीड, परभणीकडची. खोली पुण्यात, मतदारयादीत नाव गावाला. महापालिकेसाठी १ जुलैची यादी धरलीय, म्हणजे ही गाडी आपली चुकली. पण यादीतलं नाव इकडे आणायचा नमुना ८ वर्षभर भरता येतो. इन्शुरन्सचा, कंपनीनं ॲपवरचा आयडी बंद केल्याचा प्रश्न घेऊन त्यांच्याकडे जालच, तेव्हा तो फॉर्मही खिशात ठेवा. आणि पत्ता लिहून घ्या. खोली बदलली की पुन्हा लिहून घ्या, ही मुलं सारखी खोल्या बदलतात.

चहा आलेला दिसतोय. प्रश्न चहाबरोबरच घेऊ.