सगळी अक्षरे एकाच वेळी: समांतर व्याकरणे आणि त्यांच्या आकृती

पडद्यावर एकच अक्षर आहे: ‘अ’. नियम दोन आहेत. ‘अ’च्या जागी ‘अब’ लिहायचे आणि ‘ब’च्या जागी ‘अ’. पहिल्या पायरीला ‘अब’ मिळते. दुसऱ्या पायरीला दोन्ही अक्षरे एकदमच बदलतात आणि ‘अबअ’ तयार होते. त्यानंतर ‘अबअअब’, मग ‘अबअअबअबअ’. अक्षरांची संख्या १, २, ३, ५, ८ अशी वाढत जाते. हीच श्रेणी आपल्याकडे विरहांक आणि हेमचंद्र यांनी मात्रावृत्तांचे प्रकार मोजताना मांडली होती.

चिन्हे बदलण्याच्या अशा नियमांच्या संचाला येथे व्याकरण म्हटले आहे. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५०च्या दशकात ज्या व्याकरणांची मांडणी केली, त्यांत एका पायरीला चिन्हमालेतील एकाच जागी नियम लागतो. वरचेच दोन नियम त्या पद्धतीने चालवले, तर ‘अब’पासून ‘अबब’ही निघेल आणि ‘अअ’ही निघेल. ‘अबअ’सुद्धा मिळेल, पण या गर्दीत कोणती माला कितव्या पिढीची, याचा माग राहणार नाही. हंगेरीत जन्मलेले जीवशास्त्रज्ञ आरिस्टिड लिंडेनमायर यांना नेमका हा माग हवा होता. तंतूसारख्या वाढणाऱ्या शैवालात शेजारच्या पेशीचे विभाजन होईपर्यंत दुसरी पेशी थांबून राहत नाही. म्हणून १९६८ साली त्यांनी असे व्याकरण मांडले, ज्यात प्रत्येक पायरीला मालेतील प्रत्येक चिन्ह बदलते. त्यांच्या नावावरून या व्याकरणांना एल-सिस्टिम म्हणतात.

समांतर म्हटले की काम लवकर होणे, एवढेच बहुतेकांच्या मनात येते. येथे मात्र वेगाच्या आधी फरक पडतो तो काय निर्माण होऊ शकते यात. ‘अ’च्या जागी ‘अअ’ हा एकच नियम घ्या. तो सर्वत्र एकदम लावला, तर १, २, ४, ८, १६ एवढ्याच लांबीच्या माला मिळतात. चॉम्स्की यांच्या वर्गवारीतील संदर्भमुक्त, म्हणजे शेजारची चिन्हे न पाहता एकेक चिन्ह बदलणाऱ्या, व्याकरणाला कितीही नियम दिले, तरी फक्त याच लांब्या त्याला काढता येत नाहीत. कारण एकाच अक्षराच्या अशा भाषेत, म्हणजे व्याकरणातून निघणाऱ्या सर्व मालांच्या संचात, लांब्यांचा क्रम काही अंतरानंतर ठरावीक टप्प्याने पुन्हा पुन्हा यावाच लागतो आणि दुपटीने रुंदावत जाणाऱ्या फटी त्यात बसत नाहीत. याची दुसरी बाजूही तितकीच विलक्षण आहे. ‘अ’ आणि ‘अअ’ या दोनच मालांची भाषा क्रमवार व्याकरणाला अगदी सोपी, पण शेजाऱ्यांचा संदर्भ न पाहणाऱ्या साध्या एल-सिस्टिमला ती जमतच नाही. ‘अ’पासून ‘अअ’ करणारा नियम पुढच्याच पायरीला चार अक्षरे करून बसतो, आणि ‘अअ’पासून ‘अ’ मिळवायचा, तर एक अक्षर पुसणारा नियम दोन्ही अक्षरांना लागून माला रिकामीही करू शकतो. म्हणजे एक पद्धत दुसरीपेक्षा थोर नाही; दोघींचे प्रदेश वेगळे आहेत.

भारतात हा विचार फार लवकर आणि फार सुंदर रीतीने रुजला. तांबरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी आणि राणी सिरोमनी यांनी कमला कृतिवासन यांच्यासह १९७२ साली चित्रांसाठी एक व्याकरण मांडले. त्यात आधी एक आडवी ओळ क्रमवार तयार होते आणि मग तिच्यातील प्रत्येक चिन्हाखाली एक उभा स्तंभ वाढू लागतो. सगळे स्तंभ एकाच वेळी एकेक पायरी उतरतात आणि एकाच वेळी थांबतात, म्हणून चित्र काटेकोर आयत राहते. १९७४ साली याच तिघांनी चौकटींच्या अशा व्याकरणांची सांगड तमिळ घरांसमोर काढल्या जाणाऱ्या कोलमशी घातली. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीचे हे सख्खे भावंड, पण त्यातील अनेक नमुन्यांत रेषा ठिपके जोडत नाही, तर त्यांना वळसे घालत फिरते. उंबऱ्यापुढे बायकांनी जपलेली ही कला गणिताचा गंभीर विषय आहे, हे या अभ्यासकांनी ओळखले. माझ्या मते त्यांच्या कामाचे मोठेपण यातच आहे.

‘कृष्णाचे तोडे’ नावाचे कोलम पाहा. सुरुवातीला ‘क्ष’ ही खूण दोन ठिकाणी असते. प्रत्येक पायरीला प्रत्येक ‘क्ष’च्या जागी चार ‘क्ष’ येतात आणि त्यांच्यामध्ये ‘एक पाऊल पुढे’ व ‘वळा’ या सूचना बसतात. खुणा दोनाच्या आठ, आठाच्या बत्तीस होतात. संगणकाच्या पडद्यावर एक काल्पनिक लेखणी त्या सूचना वाचत जाते आणि एकच बंद रेषा उमटते. सर्व खुणा एकदम बदलल्यामुळे आकृतीच्या चारही बाजू सारख्याच दाट होतात.

सूचनांमध्ये कंसाची भर घातली, की लेखणी फांदी काढून मूळ जागी परतू शकते, आणि त्यातून संगणकावरची झाडे उभी राहिली. प्रझेमिस्लाव प्रुसिंकिविच आणि लिंडेनमायर यांनी त्यांवर १९९० साली संपूर्ण ग्रंथच लिहिला.

झाडांकडून हे तंत्र शहरांकडे वळले. २००१ साली योआव पॅरिश आणि पास्कल म्युलर यांनी विस्तारित एल-सिस्टिमने शहरांचे रस्ते वाढवून दाखवले. इमारतींच्या दर्शनी बाजूंसाठी मात्र म्युलर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली जाणीवपूर्वक क्रमवार व्याकरण निवडले. त्यांचे कारण पटण्यासारखे आहे: झाड मोकळ्या जागेत वाढते, तर इमारतीचा आराखडा म्हणजे ठरलेल्या जागेची वाटणी असते, आधी मजले, मग खिडक्यांचे पट्टे, मग तावदाने.

ग्राफिक्स कार्डावर एल-सिस्टिम चालवताना प्रत्येक चिन्ह वेगळ्या धाग्याकडे, म्हणजे इतरांच्या बरोबरीने एकाच वेळी चालणाऱ्या छोट्या कामाकडे, सोपवता येते. अडचण एवढीच, की एका चिन्हाचे एक होते, दुसऱ्याची चार होतात, त्यामुळे कोणी आपले उत्तर कोठे लिहायचे हे आधी ठाऊक नसते. म्हणून प्रथम प्रत्येक धागा आपल्या उत्तराची फक्त लांबी सांगतो, डावीकडच्या सर्व लांब्यांची बेरीज करून प्रत्येकाची जागा ठरते, आणि मगच सर्व धागे एकदम लिहितात. ती बेरीजसुद्धा जोड्याजोड्यांनी समांतर करता येते: लाखभर चिन्हे असली, तरी सुमारे सतरा फेऱ्यांत एकूण बेरीज हाती येते आणि साधारण तेवढ्याच फेऱ्यांत प्रत्येक चिन्हाला आपली जागा कळते.