नऊ नंबर कोणाचा?

हा माणूस बघा. कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंड चिखलानं माखलंय, डोळे तेवढे दिसतायत, शुक्रवार पेठेतल्या चिंचेच्या तालमीतनं आत्ताच उठून बाहेर आलाय असं वाटावं. पण हे कार्डिफ आहे, वेल्स, रग्बीची मॅच, साल १९७२, समोर स्कॉटलंड. या गड्यानं आपल्याच हाफमधनं बॉल घेऊन पळायला सुरुवात केली, एकाला हातानं झटकलं, पुढे एकटाच सुटला, फुलबॅक आडवा आला तर त्याच्या डोक्यावरनं बॉल मारला, त्याच्यामागे परत धावला आणि कोपऱ्यात बॉलवर अंग झोकून दिलं. मैदानाच्या कडेनं तेव्हा कुत्र्यांच्या शर्यतीचा ट्रॅक होता, त्याच्या लाल मातीत हा तोंडावर आपटला. ट्राय, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल जमिनीला टेकवणं. गॅरेथ एडवर्ड्स, स्क्रम-हाफ, नऊ नंबर.

आमच्यातले एक काका आहेत, सत्तरीचे, नोकरीच्या निमित्तानं काही वर्षं वेल्समध्ये राहून आलेले, ते हा व्हिडिओ मोबाईलवर दाखवतात आणि म्हणतात, आजवरचा सगळ्यात ग्रेट नऊ नंबर हाच, झालं, विषय संपला. तेवढ्यात शेजारचा पंचविशीतला पोरगा स्वतःचा मोबाईल काढतो आणि फ्रान्सचा नऊ नंबर दुपाँ, त्याचा व्हिडिओ लावतो, मग पुढचा दीड तास गेला म्हणून समजा.

रविवार सकाळ, बालेवाडी. प्रॅक्टिस संपलीये, बूट काढलेत, चहा आलाय. पुण्यात रग्बी म्हटलं की निम्म्या लोकांना हेल्मेट घातलेलं अमेरिकन फुटबॉल आठवतं, उरलेल्यांना राहुल बोस. खेळणारे थोडे, बघणारे त्याहून थोडे, पण जे आहेत त्यांची मतं गावसकर की तेंडुलकर वाल्यांइतकीच कट्टर. आणि आपला काय संबंध या खेळाशी असं कोणी म्हणालंच तर एक गोष्ट सांगून ठेवतो. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या कपासाठी भांडतात तो कलकत्ता कप आपल्याकडच्या चांदीच्या रुपयांचा आहे, १८७८ मध्ये तिथला क्लब बंद पडला तेव्हा बँकेतले पैसे काढून, नाणी वितळवून तो बनवलाय. असो.

ज्यांनी रग्बी कधीच बघितलं नाही त्यांच्यासाठी पटकन. पंधरा जण एका टीममध्ये. आठ फॉरवर्ड, म्हणजे दांडगे लोक, स्क्रममध्ये डोकी अडकवून रेटारेटी करणारे. सात बॅक, म्हणजे पळणारे. या दोघांच्या मधे जो एक जण उभा असतो तो नऊ नंबर. स्क्रममध्ये बॉल घालणार तो, मागनं बाहेर काढणार तो, कोणी टॅकल होऊन खाली पडलं आणि ढीग झाला की त्या ढिगातनं बॉल उचलणारही तोच. बॉल पुढे फेकता येत नाही, बाजूला नाहीतर मागेच. त्यामुळे प्रत्येक वेळी पहिला निर्णय याचा: पास द्यायचा, किक मारायची, का स्वतःच घुसायचं. आणि हे सगळं करताना शंभर-शंभर किलोच्या फॉरवर्डांवर सतत ओरडायचं. बहुतेक वेळा टीममधला सगळ्यात बुटका माणूस हाच असतो, आवाज मात्र याचाच.

तर वाद.

काकांचं म्हणणं, एडवर्ड्सनं वेल्ससाठी १९६७ ते १९७८ सलग ५३ टेस्ट, म्हणजे देशादेशांतल्या मॅच, खेळल्या. सलग म्हणजे सलग, एकदाही ड्रॉप नाही, दुखापतीमुळे एकही टेस्ट चुकली नाही. विसाव्या वर्षी कॅप्टन. तीन ग्रँड स्लॅम, म्हणजे युरोपातल्या देशांच्या वार्षिक स्पर्धेतल्या सगळ्याच्या सगळ्या मॅच जिंकणं. आणि तेव्हा पगार नव्हता हो, रग्बी १९९५ पर्यंत ऑफिशियली हौशी होतं, खेळ सोडल्यावर एडवर्ड्सनं आत्मचरित्राचे पैसे घेतले तर तेवढ्यावरनं त्याला प्रोफेशनल ठरवून खेळाच्या बाहेर ठेवलं. बॉल चामड्याचा, पाऊस पडला की पाणी पिऊन जड व्हायचा. आजच्यासारखं साठाव्या मिनिटाला नवा नऊ नंबर मैदानात आणायची सोय नव्हती, कोणी जखमी झालं तरच बदली.

पोराचं म्हणणं, काका, जड बॉल समोरच्यांनाही जडच होता ना.

यावर काकांकडे उत्तर नाही असं समजू नका, काकांकडे २७ जानेवारी १९७३ आहे. बार्बेरियन्स, म्हणजे निमंत्रित खेळाडूंची टीम, विरुद्ध न्यूझीलंड, पुन्हा कार्डिफच, मॅच सुरू होऊन जेमतेम काही मिनिटं झालेली. फिल बेनेट स्वतःच्या गोलपोस्टजवळ बॉल पकडतो, किक मारून बॉल बाहेर घालवायचं सोडून एका मागोमाग एक न्यूझीलंडवाल्यांना हुलकावण्या देतो, मग बॉल हातोहात पुढे, जेपीआर विल्यम्स, पुलिन, डॉज, टॉमी डेव्हिड, क्विनेल, आणि शेवटच्या पासला कुठनं तरी एडवर्ड्स उगवतो, डावा कोपरा, झेप. रग्बीतला सगळ्यात जास्त वेळा बघितला गेलेला ट्राय बहुतेक हाच. शेवटचा पास थोडा पुढे फेकला गेला होता का, हा उपवाद. त्यात मी पडत नाही.

मला यातलं एकच दिसतं आणि ते सांगून टाकतो. या ट्रायमध्ये एडवर्ड्सनं स्क्रम-हाफचं काम केलेलंच नाहीये. तो शेवटी आला आणि पळाला, विंगरनं पळावं तसा. पळाला भन्नाट, वादच नाही, पण ग्रेटेस्ट स्क्रम-हाफ कोण या प्रश्नावर लोक पुरावा म्हणून नेमके असलेच व्हिडिओ काढतात, जिथं तो स्क्रम-हाफसारखा खेळतच नसतो. दुपाँवालेही तेच करतात.

आता जरा इकडे बघा, मैदानाच्या त्या टोकाला. ही मुलगी कॉलेजला आहे, नऊ नंबर खेळते, बाकीचे चहा पितायत आणि ही एकटी पास मारत बसलीये. बॉल जमिनीवर. मागचा पाय बॉलला जवळजवळ चिकटून, पुढचा पाय जिकडे पास द्यायचा तिकडे रोखलेला. आता हात बघा. नवीन पोरं काय करतात, बॉल आधी उचलतात, पोटापाशी घेतात, मागे झोका देतात आणि मग फेकतात. त्या झोक्यात अर्धा सेकंद जातो. अर्ध्या सेकंदात समोरचा फ्लँकर, म्हणजे स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड, तीन-चार मीटर आत आलेला असतो, म्हणजे तुमचा दहा नंबर, जो नऊ नंबरकडनं पास घेतो, त्याच्या हातात बॉल आणि छातीवर फ्लँकर एकदमच पोचतात. ही तसं करत नाही. बोटं बॉलखाली गेली की तिथनंच, जमिनीवरनंच, मनगट फिरतं, बॉल स्वतःभोवती गरगरत सरळ रेषेत जातो, आणि पास सुटला तरी हात टार्गेटकडे तसेच ताणलेले. उजवीकडनं डावीकडे दहा, मग डावीकडनं उजवीकडे दहा. डावीकडनं उजवीकडचे अजून थोडे लोंबतायत, ते तिलाही माहितीये, चेहरा बघा.

हायलाइट्समध्ये हे कधीच नसतं. कॅमेरा पास पोचल्यावर दहा नंबरवर जातो, लोक म्हणतात वा काय शांतपणे खेळतो, किती वेळ असतो याच्याकडे. अरे, वेळ नऊ नंबरनं दिलाय त्याला. म्हणून माझं मत असं की नऊ नंबर मोजायचा तर त्याच्या दहा नंबरकडे बघून मोजा.

या मापानं न्यूझीलंडचा अ‍ॅरन स्मिथ एकदम वर येतो, ज्याचं नाव या वादात लोक तिसरं-चौथं घेतात. १२५ टेस्ट, २०१५ चा वर्ल्ड कप, उंची पाच फूट सात इंचाच्या आसपास, रग्बीआधी हेअरड्रेसिंग शिकलेला माणूस. त्याचा पास नुसता वेगात जायचा नाही, पकडणाऱ्याच्या पुढे अशा जागी पडायचा की त्याला पळता पळता घेता यावा, थांबायला लागू नये. नुसता पास बघायचा तर हा पहिला, माझ्या लेखी तरी.

पण पासवर भागत नाही, हे आमचा हिंजवडीवाला सांगतो. हा कंपनीच्या कामासाठी जोहान्सबर्गला राहिला आणि स्प्रिंगबॉक, म्हणजे साउथ आफ्रिकेच्या टीमचा भक्त, होऊन परत आला. त्याचा माणूस योस्त व्हॅन डर वेस्टहाइझन. सहा फूट दोन इंच, नऊ नंबरसाठी ताडमाडच, ८९ टेस्टमध्ये ३८ ट्राय. १९९५ ची फायनल, एलिस पार्क, समोर न्यूझीलंडचा जोनाह लोमू, ज्याला त्या वर्ल्ड कपमध्ये कोणी आडवूच शकलं नव्हतं, तो वेगात येतोय आणि योस्त त्याला आडवा करतो. एक्स्ट्रा टाइममध्ये स्ट्रान्स्कीनं ज्या ड्रॉप गोलवर १५-१२ नं मॅच जिंकली तो पासही योस्तचाच. २०११ मध्ये त्याला मोटर न्यूरॉनचा आजार निघाला, २०१७ च्या फेब्रुवारीत गेला, पंचेचाळीसचा होता. हे सांगताना हिंजवडीवाला जरा गप्प होतो आणि मग लगेच म्हणतो की खरं तर फूरी ड्यू प्रीज त्याच्याहून हुशार होता, म्हणजे याचं स्वतःशीच एकमत नाही. ड्यू प्रीजची बॉक्स किक, म्हणजे ढिगाच्या मागनं सरळ वर मारलेली किक, ती अशी उतरायची की स्वतःचा विंगर आणि समोरचा कॅचर एकाच क्षणी तिथं. २०१५ च्या वर्ल्ड कपच्या क्वार्टर फायनलमध्ये वेल्सचं स्वप्नही शेवटच्या पाच मिनिटांत यानंच मोडलं. काकांसमोर हा विषय काढायचा नाही.

ग्रेगन? ऑस्ट्रेलियाचा जॉर्ज ग्रेगन, जन्म झांबियातला, १३९ टेस्ट, १९९९ चा वर्ल्ड कप. १९९४ मध्ये सिडनीला न्यूझीलंडचा जेफ विल्सन ट्रायसाठी झेप घेतोय, बॉल टेकणारच, आणि ग्रेगन मागनं येऊन असा धडकतो की बॉल हातातनं सुटतो. मॅच तिथंच गेली. थोर खेळाडू, पण त्याच्यासाठी भांडणारा पुण्यात मला अजून भेटायचाय.

आणि बायकांचं काय, हे त्या पास मारणाऱ्या मुलीनंच विचारलं, चहा घ्यायला आली तेव्हा. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. न्यूझीलंडची केंड्रा कॉकसेज, तीन वर्ल्ड कप, २०१०, २०१७, २०२२, वर २०१५ मध्ये जगातली बेस्ट प्लेअर. तीन वर्ल्ड कप यादीतल्या एकाही पुरुषाकडे नाहीत. काका म्हणाले, हे बरोबर आहे. एवढं म्हणून परत एडवर्ड्सवर आले, ती मुलगी हसली आणि परत पास मारायला गेली.

आता दुपाँ. आँत्वान दुपाँ, तुलूझ, फ्रान्स, १९९६ चा जन्म. त्याची केस अशी की बाकीच्यांकडे जे एकेक आहे ते याच्याकडे सगळंच आहे. दोन्ही हातांनी पास, दोन्ही पायांनी किक, अंगानं ठेंगणा पण टॅकल असे करतो की दांडगे लोक मागे जातात. २०२३ मध्ये डब्लिनला आयर्लंडच्या मॅक हॅन्सनला ट्राय लाइनवर अडवलं तो व्हिडिओ बघा, ग्रेगनवाल्यांनीही बघा. २०२१ मध्ये जगातला बेस्ट, २०२२ ला ग्रँड स्लॅम. मग २०२४ मध्ये हा सिक्स नेशन्स, म्हणजे तीच युरोपातली स्पर्धा, सोडून सेव्हन्स खेळायला गेला, जो वेगळाच खेळ आहे, सात जणांचा, आणि पॅरिस ऑलिंपिकच्या फायनलमध्ये फिजीविरुद्ध ७-७ असताना हाफटाइमनंतर उतरला, आल्या आल्या एक ट्राय करून दिला, दोन स्वतः मारले, २८-७, गोल्ड. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजत आलेले.

त्याच्या आदल्या वर्षीची एक रात्र मात्र वाईट होती. १५ ऑक्टोबर २०२३, आपल्याकडे घटस्थापनेचा दिवस, त्याच आठवड्यात गहुंज्याला भारत-बांगलादेश क्रिकेटची वर्ल्ड कप मॅच असल्यामुळे सगळं पुणे तिकिटांच्या मागे, आणि ही सात-आठ येडी माणसं रात्री साडेबाराला कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये लॅपटॉपभोवती, आवाज बारीक ठेवून, कारण घरात घट बसलेले आणि सासूबाई आतल्या खोलीत. फ्रान्स विरुद्ध साउथ आफ्रिका, रग्बी वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल. नामिबियाविरुद्ध दुपाँच्या गालाचं हाड मोडलेलं, ऑपरेशन करून तो डोक्याला मऊ कॅप घालून परत आलेला. फ्रान्स २८-२९ नं हरलं. एका पॉइंटनं, आणि त्यात फ्रान्सच्या रामोसची एक किक साउथ आफ्रिकेच्या कोल्बेनं धावत येऊन आडवलेली. आमचा दुपाँवाला पोरगा तेव्हापासून कोल्बेचं नाव काढलं की उठून जातो.

वर्ल्ड कप नाही म्हणून दुपाँ बाद, असं हिंजवडीवाला म्हणतो. हे मला पटत नाही, कारण एडवर्ड्सकडेही वर्ल्ड कप नाही, तेव्हा वर्ल्ड कपच नव्हता, पहिला झाला १९८७ मध्ये.

माझं मत विचाराल तर एडवर्ड्स, आणि त्या चिखलवाल्या ट्रायसाठी नाही. १९७१ मध्ये लायन्सनी, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या एकत्र टीमनं, न्यूझीलंडमध्ये जाऊन सिरीज जिंकली, तिथं लायन्सनी जिंकलेली ती एकमेव, तेव्हा दहा नंबर बॅरी जॉन. तो १९७२ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी खेळच सोडून गेला. १९७४ ला लायन्स साउथ आफ्रिकेत २२ मॅच खेळले, एकही हरले नाहीत, तेव्हा दहा नंबर फिल बेनेट. दोघांचा स्वभाव वेगळा, चाल वेगळी, आणि दोघांनाही जगातले बेस्ट म्हटलं गेलं. दोघांना बॉल पुरवणारा माणूस एकच.

पोरगा म्हणाला, हे माप लावलंत तर दुपाँलाही लावा, त्यानं न्तामाक आणि जालिबेर या दोन दहा नंबरना खेळवलंय. मुद्दा आहे. २०२५ च्या मार्चमध्ये आयर्लंडविरुद्ध दुपाँचा गुडघा गेला तेव्हा काकांनीच या पोराला पहिला फोन केला होता, सांत्वनाचा म्हणे, पण पाच मिनिटांत त्या ५३ सलग टेस्टवर आले.

पुढचा वर्ल्ड कप २०२७ ला ऑस्ट्रेलियात आहे, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली दुपार, तेव्हा यावेळी सासूबाईंनाही मॅच बघता येईल आणि त्यांना विचारलं तर त्या म्हणतात की तो कॅपवाला परत खेळणार असेल तर बघेन.