आधी पाणी वत

(दृश्य: देवगड तालुक्यातल्या एका घराचं खळं. सकाळचे साडेसात. कलमाखाली उभी पांढरी गाडी. लांबून समुद्राची गाज.)

फेब्रुवारीतली सकाळ. कलमं मोहरलीत. रात्रभर त्यांच्याखाली उभ्या राहिलेल्या गाडीची पुढची काच धड पांढरी नाही, धड काळी नाही. बोट लावलं तर चिकटतंय.

मी सवयीने सुकं फडकं उचललं आणि बोनेटवर वाकलो. मागून काकांचा आवाज आला.

"सुक्या फडक्यान पुसतंस कित्याक? आधी पाणी वत मरे!"

काका एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण दुसऱ्याच्या गाडीची काच बघून नाक मुरडायची सवय काही सुटलेली नाही.

(दृश्य: काचेचा अगदी जवळून घेतलेला शॉट.)

या काचेवर बसलंय तरी काय? पहिलं म्हणजे मीठ. लाट फुटली की बारीक तुषार वाऱ्यावर स्वार होऊन आत येतात, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच विरघळू लागतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला जसं पाणी सुटतं, तसंच. म्हणून रात्री काच ओशट आणि उन्हं वर आली की पांढुरकी.

दुसरा हा चिकटा. मोहरावर तुडतुडे बसतात, रस शोषतात आणि गोडसर चिकट पाणी टाकतात. पानांवर त्याच्यावर काळी बुरशी धरते, हे कुठलाही बागायतदार सांगेल. काचेवर त्याच्यावर धूळ धरते.

आणि घात करते ती धूळच. जांभ्याची लाल माती, पुळणीवरची वाळू. वाळूत क्वार्ट्झचे कण असतात. कठीणपणा मोजायच्या मोहस् मापावर क्वार्ट्झ ७ वर येतो आणि काच साडेपाचच्या आसपास. म्हणजे सुक्या फडक्याखाली अडकलेला वाळूचा एक कण काचेवर रेघ ओढू शकतो. मीठ पाण्याने जातं, चिकटा साबणाने जातो. रेघ जात नाही.

आजी कंदिलाची काच राखेने लख्ख करायची. तिथे ते चालून गेलं, कारण कंदिलाच्या काचेतून कुणी समोरच्या ट्रकचे दिवे बघत नव्हतं. गाडीच्या काचेला राख नको, भांड्यांची पावडर नको, तारेची घासणी तर नकोच.

(दृश्य: काका बादली भरतात. हँडब्रेक ओढल्याचा आवाज.)

आधी इंजिन बंद, हँडब्रेक वर, चावी खिशात. तुमची बोटं वायपरखाली असताना आतल्या पोराने दांडी ओढली तर काय होईल, याचा विचार करा. गाडी सावलीत हवी. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही. पुढची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये प्लास्टिकचा पातळ थर. फुटली तरी तुकडे त्या थराला धरून राहतात. पण खडी उडून आधीच टवका गेला असेल, तर अशा एका गार हबक्याने तो टवका तड होऊन आडवा पसरू शकतो. महामार्गावरून येणाऱ्या गाड्यांनी हे आधी तपासावं. टवका असेल तर तिथे दाबून घासू नये, आधी तो भरून घ्यावा.

आता पाणी. वरून खाली, सढळ हाताने. पण कुठलं पाणी? किनाऱ्याजवळच्या विहिरी एप्रिल-मेपर्यंत मचूळ होतात. त्या पाण्याने काच धुणं म्हणजे मीठ काढून मीठ लावणं. शेवटचा हात तरी गोड्या पाण्याचा हवा.

चिकट्यावर आणि पाखरांच्या शिटेवर ओलं फडकं पसरून दहा मिनिटं ठेवायचं. तेवढ्यात चहा होतो. खरवडायची घाई करणाऱ्याला काका गाडीला हात लावू देत नाहीत. मग बादलीत भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ मायक्रोफायबरचं फडकं आणि हलका हात. फडकं खाली पडलं तर ते बाद, दुसरं घ्यायचं. पाण्याचे पांढरे डाग उरलेच तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं फडक्यावर घेऊन पुसावं आणि लगेच धुवावं. व्हिनेगर असो की अमोनियाचा स्प्रे, त्यात ब्लीच कधीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो. महागडे स्प्रे मला विचाराल तर फारसे लागत नाहीत. तेवढ्या पैशात चार चांगली फडकी येतात.

(दृश्य: काका वायपर उचलतात, काचेवर जाड टॉवेल ठेवतात.)

हा टॉवेल बघा. उचललेला वायपर हातून निसटला तर तो थेट काचेवर आपटतो, म्हणून ही गादी. काका रबराच्या कडेवरून ओलं फडकं फिरवतात आणि मला दाखवतात. फडक्यावर काळी रेघ, त्यात चमचमणारी वाळू. काच कितीही धुतली तरी ही वाळू पुन्हा तिच्यावरच फिरणार होती.

(दृश्य: गाडीच्या आतून. चारही दारं उघडी.)

आतली बाजू बहुतेक जण विसरतात. उन्हात डॅशबोर्डचं प्लास्टिक तापतं, त्यातून वाफा निघतात आणि काचेवर तेलकट साय धरते. दिवसा ती दिसत नाही. इथे स्प्रे काचेवर नाही, फडक्यावर मारायचा. नाहीतर ओघळ खाली डॅशबोर्डच्या फटीत जातो. फिल्म लावलेल्या काचेला अमोनिया नको. बाहेरून उभे हात मारले असतील तर आतून आडवे मारा. ओरखाडा नसलेली धूसर रेघ राहिलीच, तर ती कुठल्या बाजूची ते लगेच कळतं.

जुन्या दिवसांत पाऊस धरला की ड्रायव्हर काचेवर तंबाखू चोळायचे, काका सांगतात. पाणी थेंबाथेंबाने न थांबता पसरून जायचं.

"आता करता काय तसं?"

"आता वायपर चलता मरे," काका म्हणतात.

(दृश्य: रात्र. राष्ट्रीय महामार्ग ६६. समोरून येणारे दिवे.)

त्या रात्री कणकवलीकडे निघालो. समोरून ट्रक आला. एरवी अख्खी काच दुधासारखी व्हायची, आज दोन दिवे दोनच दिसले. आणि माझ्या डोळ्यांच्या रेषेत, वायपरच्या वाटेवर, एक बारीक चंद्रकोर चमकली. चार वर्षांपूर्वी, पुळणीवरून परतल्यावर, मी सुक्या फडक्याने आणि मग सुक्या वायपरने काढलेली.

काका बाजूलाच बसले होते. त्यांनी ती बघितली आणि खिडकीबाहेर तोंड फिरवलं.