कोलिसियममधला शेवटचा गुरुवार

(दृश्य: बार्ट रेल्वेच्या कोलिसियम स्टेशनातून कोलिसियम स्टेडियमकडे जाणारा पादचारी पूल. हिरव्या-पिवळ्या शर्टांची रांग.)

निवेदन:

गुरुवार, २६ सप्टेंबर २०२४. कामाचा वार, आणि सामना सुरू होणार दुपारी बारा सदतीसला. अशा वेळी कॅलिफोर्नियातल्या या ऑकलंडमध्ये बेसबॉल बघायला एरवी पाच-सहा हजार डोकी जमली तरी पुष्कळ. आज मात्र पुलावर पाऊल ठेवायला जागा नाही. कुणी ऑफिसात आजारी असल्याचं कळवून आलंय, कुणी पोरांची शाळा बुडवून.

ऑकलंड अ‍ॅथलेटिक्स, म्हणजे इथल्या लोकांच्या तोंडचे ए'ज, विरुद्ध टेक्सस रेंजर्स. गुणतक्त्यात या सामन्याला काडीची किंमत नाही. ए'ज बाद फेरीच्या शर्यतीतून केव्हाच बाहेर पडलेत. रेंजर्स गेल्या वर्षीचे विजेते, पण यंदा त्यांचंही तेच. कोण जिंकलं, कोण हरलं, यानं कुणाच्याच नशिबात फरक पडणार नाही.

तरीही तिकिटं संपलीत. कारण घरच्या मैदानावरचा हा हंगामातला शेवटचा सामना आहे आणि पुढच्या हंगामात हे घर नसेल. १९६८पासून ५७ हंगाम ऑकलंडमध्ये खेळलेला हा संघ गाशा गुंडाळून निघालाय.

आपल्या कॅलेंडरात या दिवशी पितृपक्ष चालू होता. हा योगायोग इथल्या गर्दीला ठाऊक असण्याचं कारण नाही, पण गेलेल्यांची आठवण काढत जेवायला बसायचं काम पार्किंगमध्ये सकाळपासून चाललंच होतं. गाड्यांची मागची दारं उघडी, शेगड्या पेटलेल्या, आणि प्रत्येक घोळक्यात कुणी ना कुणी सांगतंय, 'माझे वडील मला पहिल्यांदा इथंच घेऊन आले.'

(दृश्य: स्टेडियम बाहेरून. काँक्रीटची गोल भिंत. मग आतून, वरच्या कठड्यावरून सगळं मैदान.)

निवेदन:

खरं सांगायचं तर हे स्टेडियम देखणं नाही. १९६६ साली उघडलं तेव्हा अमेरिकी फुटबॉल आणि बेसबॉल दोन्ही इथं व्हावेत, असा हिशेब होता. दोन्ही खेळांची सोय बघायला गेलं की दोन्हींची थोडी गैरसोय होते, तशी इथंही झाली. मैदान जमिनीत खोल खणलेलं, समुद्रसपाटीच्याही खाली. त्यामुळे सांडपाणी तुंबलं की ते खेळाडूंच्या खोल्यांपर्यंत यायचं. पुढे १९९५-९६मध्ये फुटबॉलवाल्या रेडर्ससाठी आउटफिल्डमागे खुर्च्यांचा एक प्रचंड डोंगर उभा केला. तोवर तिथून ऑकलंडच्या टेकड्या दिसायच्या. त्या झाकल्या त्या कायमच्या. रेडर्सच्या मालकाच्या नावावरून लोकांनी त्या डोंगराला 'माउंट डेव्हिस' म्हणायला सुरुवात केली, आणि यात कौतुक अजिबात नव्हतं.

पण या मैदानाची एक खोड मात्र बेसबॉल कळणाऱ्यांना आवडायची. बेसबॉलमध्ये बॅटरसमोर दोन रेघा फाकत जातात. चेंडू त्या रेघांच्या बाहेर गेला तर फाउल, त्यावर धाव नाही. पण हवेतला फाउल चेंडू कुणी झेलला तर बॅटर आउट. बहुतेक स्टेडियममध्ये रेघेपासून पाच-दहा पावलांवर प्रेक्षक बसलेले असतात, चेंडू त्यांच्यात जाऊन पडतो आणि बॅटर वाचतो. कोलिसियममध्ये रेघेबाहेर एवढी मोकळी जागा होती की मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, तेवढी दुसरीकडे कुठेच नव्हती. इतर ठिकाणी जो चेंडू एखाद्याच्या नाचोजवर पडला असता, तो इथं धावत जाऊन झेलता यायचा. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, खूश, बॅटर वैतागलेले. प्रेक्षक मात्र खेळापासून जरा लांबच बसायचे.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. मिशीवाले खेळाडू. पांढरे बूट.)

निवेदन:

१७ एप्रिल १९६८. इथला ए'जचा पहिला सामना. समारंभाचा पहिला चेंडू टाकला कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. पन्नास हजारांवर लोक आले आणि ए'ज बाल्टिमोरकडून हरले.

संघ मूळचा फिलाडेल्फियाचा. मधली तेरा वर्षं कॅन्सस सिटीत काढली आणि मालक चार्ली फिन्ली यांनी तो इथं आणला. म्हणजे ऑकलंडलाही हा संघ दुसऱ्या गावाचा हिरावूनच मिळाला होता. आज अश्रू ढाळताना ही गोष्ट सहसा कुणी काढत नाही. फिन्ली विक्षिप्त माणूस. १९७२मध्ये मिशा राखतील त्या खेळाडूंना त्यांनी तीनशे-तीनशे डॉलर दिले. आणि त्या मिशीवाल्या संघानं १९७२, ७३ आणि ७४ अशी सलग तीन वर्षं वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम लढत, जिंकली. न्यूयॉर्कचे यांकीज सोडले तर तोवर हे कुणालाच जमलं नव्हतं.

मग खेळाडूंना पगार हवे झाले, फिन्लींचा हात आखडला, एकेक मोठा खेळाडू निघून गेला. १७ एप्रिल १९७९, पहिल्या सामन्याला बरोबर अकरा वर्षं झाली त्या दिवशी, नोंद झालेले प्रेक्षक होते ६५३. सबंध वर्षाचे मिळून तीन लाख सात हजारांच्या आसपास.

आता हे आकडे लक्षात ठेवा. १९८०मध्ये हास कुटुंबानं संघ विकत घेतला, लिव्हाइस जीन्सवाल्या घराण्यानं. त्यांनी संघावर पैसा लावला, शहरात मिसळले. १९८९मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. ती सिरीज भूकंपामुळे मध्येच दहा दिवस थांबली होती. आणि १९९०मध्ये याच काँक्रीटच्या गोलात वर्षभरात २९ लाख लोक आले. शहर तेच होतं आणि स्टेडियमही तेच. बदलला होता फक्त मालक.

म्हणून 'ऑकलंडमध्ये प्रेक्षकच नाहीत' हे कारण कुणी पुढे केलं की इथली माणसं भडकतात.

(दृश्य: हिरव्या शर्टांवर चार इंग्रजी अक्षरं, 'सेल' (SELL), म्हणजे 'विका'. उजव्या बाजूच्या स्टँडमधले ढोल.)

निवेदन:

सध्याचे मालक जॉन फिशर. गॅप कपड्यांच्या दुकानांचे संस्थापक हे यांचे आईवडील. नव्या स्टेडियमचा शोध मात्र त्यांच्या आधीपासून चालू होता. २००६मध्ये ठरलं, फ्रीमाँटला बांधू. फ्रीमाँट म्हणजे घरटी एक सॉफ्टवेअरवाला असलेलं गाव. तिथल्या देशी दुकानांत चितळेंची बाकरवडी मिळते. आमच्यातल्या अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं की बेसबॉल नावाचं प्रकरण आपल्या दाराशी येतंय. २००९मध्ये तो बेत बारगळला. मग सॅन होजे, मग ऑकलंडमधल्या एका कॉलेजशेजारची जागा, मग बंदरावरचं हॉवर्ड टर्मिनल. दरवेळी सुंदर चित्रं छापून यायची, हिरवळ, झाडं, पाण्याकाठी फिरणारी माणसं. वीट एकही रचली गेली नाही.

दरम्यान मॅट ओल्सन, मॅट चॅपमन असे घडवलेले खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकले. २०२३मध्ये संघ १६२ पैकी ११२ सामने हरला. लोक येईनासे झाले, आणि मग लोक येत नाहीत म्हणून संघ लास वेगासला न्यायचं ठरलं.

१३ जून २०२३ला चाहत्यांनी याला उत्तर दिलं. बहिष्कार घालायचा तर घरी बसतात. यांनी उलट केलं, सगळ्यांनी एकाच दिवशी यायचं ठरवलं. मंगळवारच्या संध्याकाळी २७,७५९ लोक आले. बहुतेकांच्या अंगावर 'विका' असं सांगणारे हिरवे शर्ट. सामन्याच्या नऊ इनिंगांपैकी पाचवी सुरू झाली तेव्हा सगळं स्टेडियम ठरवून चिडीचूप बसलं, आणि पहिला बॅटर संपताच एकच गर्जना: 'संघ विका!' ए'ज तो सामना २-१ जिंकले. त्याच आठवड्यात नेव्हाडा राज्यानं वेगासमधल्या स्टेडियमला ३८ कोटी डॉलरपर्यंतची सरकारी मदत मंजूर केली. नोव्हेंबरात बाकीच्या सगळ्या संघमालकांनी एकमतानं स्थलांतराला होकार दिला.

(दृश्य: पुन्हा २६ सप्टेंबर. मैदानाच्या मधोमध दोन माणसं, पाठीवर २४ आणि ३४.)

निवेदन:

राष्ट्रगीत गायला बॅरी झिटो आलाय. एकेकाळी याच मैदानावर त्याचा हवेत वळणारा संथ चेंडू बॅटर्सना नाचवायचा. पहिला चेंडू टाकायला दोघं: ए'जचा माजी पिचर डेव्ह स्ट्युअर्ट, जन्मानं ऑकलंडचा, आणि रिकी हेंडरसन, याच गावात लहानाचा मोठा झालेला. रिकीनं कारकिर्दीत १,४०६ बेस चोरले. पिचर चेंडू टाकण्याच्या तयारीत असताना पुढचा बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पुढचा टप्पा, पळून गाठायचा, याला चोरी म्हणतात. १९८२च्या एका हंगामात त्यानं १३० चोऱ्या केल्या. सर्वाधिक चोऱ्यांचा विक्रमही १९९१मध्ये याच मातीत, तिसऱ्या बेसवर झाला. मैदानालाच त्याचं नाव दिलेलं आहे.

आज पासष्टीचा रिकी काळा चष्मा लावून उभा आहे. तीन महिन्यांनी, २० डिसेंबरला, न्यूमोनियानं तो गेला.

(दृश्य: खेळ सुरू. पिचरच्या बोटांचा क्लोज-अप. माती.)

निवेदन:

ए'जकडून चेंडू टाकतोय जे. टी. गिन. पहिलाच हंगाम. या गर्दीचं ओझं त्याच्या खांद्यावर टाकणं म्हणजे जरा अन्यायच. पण बेसबॉलची एक गंमत आहे. चेंडू हातात आला की समोर फक्त कॅचरचा ग्लोव्ह उरतो. गिन टाकत राहतो. मधूनच कागदी विमानं मैदानात उतरतात. उजव्या स्टँडमधले ढोल एकदाही थांबत नाहीत. एक उंच फाउल चेंडू रेघेबाहेरच्या त्या प्रचंड मोकळ्या जागेत येतो आणि नऊ-दहा वर्षांचं एक पोर खुर्चीवर चढून 'पकड, पकड' म्हणून ओरडतं. त्याला गुणतक्ता कुणी समजावून सांगितलेला नसावा.

हाणामारी होईल, तोडफोड होईल, असं आठवडाभर बोललं जात होतं. पोलीस जागोजागी उभे होते. नवव्या इनिंगला एकदोघं मैदानात पळाले, आउटफिल्डमध्ये धुराची एक नळकांडी येऊन पडली. एवढंच.

३-२. ए'ज एका धावेनं पुढे. पिच करायला मेसन मिलर. ताशी शंभर मैलांहून वेगानं, म्हणजे एकशेसाठ किलोमीटरच्या वर चेंडू फेकणारा तरुण. ४६,८८९ माणसं उभी. खाली बसलेलं कुणी कॅमेऱ्याला सापडलं नाही. टेक्ससचा ट्रॅव्हिस जँकोव्स्की बॅटला. चेंडू सरपटत तिसऱ्या बेसकडे. मॅक्स शूमननं उचलला, पहिल्या बेसकडे फेकला. आउट.

मग लाउडस्पीकरवर तेच जल्लोषाचं गाणं लागलं, जिंकल्यावर इथं नेहमी लागतं ते. कुणीतरी हे बदलायला हवं होतं, असं मला वाटलं. नंतर वाटलं, बरं झालं नाही बदललं.

(दृश्य: खेळाडू मैदानात एकत्र. मॅनेजर मार्क कोत्से माइकसमोर.)

निवेदन:

मॅनेजर मार्क कोत्से एकेकाळी याच संघातून खेळलेला. त्यानं लोकांचे आभार मानले आणि शेवटी एकच मागणं केलं: ती घोषणा अजून एकदा द्या. 'लेट्स गो, ऑकलंड.' माणसं देत राहिली, माइक बंद झाल्यावरही.

कोणी निघेना. मैदानाची देखभाल करणारे कामगार फावडी घेऊन कठड्याशी आले आणि तांबडी माती वाटू लागले. बिअरचे रिकामे ग्लास पुढे येत होते, प्लॅस्टिकच्या पिशव्या, एकाची टोपी. एक बाई ग्लासातली माती हातानं दाबून त्यावर पुन्हा माती मागत होती. कामगारानं हसून दिली. वरच्या बाजूला कुणीतरी पाना घेऊन खुर्चीचे बोल्ट फिरवत बसला होता. बोल्ट गंजलेला. त्याला घाई नव्हती.

(दृश्य: रिकामं स्टेडियम नाही. ढोल, गर्दी; मग वेगळं मैदान, वेगळा खेळ.)

निवेदन:

ए'ज इथून सिएटलला गेले, हंगामाचे उरलेले तीन सामने खेळले. वेगासचं स्टेडियम तयार होईपर्यंत त्यांचा मुक्काम सॅक्रामेंटोत, एका छोट्या लीगच्या मैदानावर, जिथं जेमतेम १४ हजार लोक मावतात. नावापुढे शहर लावलेलं नाही. नुसतेच अ‍ॅथलेटिक्स.

पश्चिम ऑकलंडच्या रायमंडी पार्कमध्ये लोकांनी स्वतःचा संघ उभा केला होता, ऑकलंड बॉलर्स. पायोनियर लीगमधला हा छोटा संघ. २०२५मध्ये त्यांनी ती लीग जिंकली.

आणि कोलिसियम? २२ मार्च २०२५ला तिथं ऑकलंड रूट्सचा फुटबॉल (सॉकर) सामना झाला. अमेरिकेतल्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमधला. प्रेक्षक आले २६,५७५.

नऊ दिवसांनी अ‍ॅथलेटिक्स सॅक्रामेंटोत पहिल्यांदा 'घरच्या' मैदानावर उतरले. समोर शिकागो कब्ज. ते १८-३ असे हरले. प्रेक्षक १२,१९२.