भरती झाला, की भरती केला?

(पणजीचा मिरामार किनारा. पहाट. ओल्या वाळूवरून पाच-सहा मुलं धावताहेत.)

मांडवीच्या मुखाशी भरती लागली आहे. पाणी वाळू चढत वर येतंय आणि त्याच्या कडेनं ही मुलं धावतायत. त्यांनाही भरतीलाच जायचंय, सैन्याच्या. एकाच्या हातात मोबाईल, त्यावर स्टॉपवॉच. सोळाशे मीटर धावायचं आणि प्रत्येक सेकंद मोजायचा.

समुद्राला येते ती भरती आणि फौजेत होते तीही भरती. दोन्हींच्या मुळाशी 'भरणे'. लिहिताना आपण नुसती जागा भरायला घातलेल्या वाक्यांना 'भरतीची वाक्यं' म्हणतो, तेही इथलंच. 'रिक्रूट' हा इंग्रजी शब्द ज्या फ्रेंच शब्दातून आला, त्याचाही मूळ अर्थ 'पुन्हा वाढलेलं' असा. लढाईत माणसं पडतात, फौज ओसरते, ती परत वाढवायची. आपल्याकडच्या शिपायांच्या जिभेवर त्याच रिक्रूटचं रंगरूट झालं. रोमन फौजेतल्या 'लिजन' या तुकडीच्या नावाच्या मुळाशी मात्र निवडणं आहे: वेचून घेतलेली माणसं.

भरती या शब्दात माणसाची संख्या दिसते, त्याची इच्छा दिसत नाही. मला हे खटकतं, कारण जुन्या मराठीला हा फरक नीट कळत होता. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. फारसीत मूळ अर्थ ओझं वाहणारा. बंगालात मराठी स्वाऱ्या गेल्या, तिथे तोच 'बर्गी' होऊन अंगाईगीतात जाऊन बसला. आणि ज्याला कुणी विचारलंच नाही, नुसतं कामाला जुंपलं, त्याच्यासाठी वेठ. 'वेठीला धरलं' असं आपण आजही म्हणतो.

(गोव्याचा सत्तरी तालुका. वाळपईकडचा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडी.)

या फरकाची किंमत गोव्यानं मोजली आहे. १८९५ साल. पोर्तुगिजांच्या फौजेतल्या इथल्या मराठा शिपायांना हुकूम आला: समुद्रापलीकडे मोझांबिकला लढायला चला. तिथल्या लोकांचा उठाव मोडायचा होता. हे शिपाई पगारी होते, आपल्या पायांनी फौजेत आले होते. पण समुद्र ओलांडायचा म्हणजे धर्म जाण्याची भीती, आणि मागे बायकापोरांचं काय, हा घोर. सप्टेंबरात त्यांनी हुकूम झुगारला आणि पणजी सोडून थेट सत्तरीची वाट धरली. नाणूसच्या किल्ल्याचा आसरा घेतला. सत्तरीच्या राणे घराण्यातले दादा राणे त्यांच्या बाजूनं उभे राहिले. याच नाणूसवर १८५२ च्या जानेवारीत दीपाजी राण्यांनी बंडाचं निशाण उभारलं होतं. १८९५ चं हे बंड मोडायला पुढे पोर्तुगालहून खुद्द राजाचा भाऊ फौज घेऊन आला.

आपल्या पायांनी आलेल्या माणसाला एका हुकमानं वेठीला धरता येतं, हे त्या शिपायांना नेमकं कळलं होतं. म्हणून मला ते केवळ बंडखोर वाटत नाहीत.

(पुन्हा मिरामार. ऊन वर आलं आहे.)

स्वतंत्र भारतात सक्तीची सैन्यभरती कधीच झाली नाही. २०२२ पासून जवान व्हायची वाट अग्निवीराची: चार वर्षं सेवा, आणि त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच मुलांना पुढे कायम ठेवणार. बाकीच्यांची घरी वाट पाहणारी माणसं हा हिशेब पुरता जाणून आहेत. तरी शब्द तोच, भरती.

आपलं व्याकरण मात्र अजून जागं आहे. पोरगा 'भरती झाला' म्हटलं की तो स्वतः गेला. 'भरती केला' म्हटलं की दुसऱ्या कुणाचा तरी हात मध्ये आला.

स्टॉपवॉचवाला मुलगा गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेतोय. नाव कुणी घातलं, असं त्याला विचारलं.

"फॉर्म मीच भरला," तो म्हणाला, आणि पुढच्या फेरीला लागला.