सपाट देशातलं उलटं पायडल

मंडळी, नेदरलँड्समध्ये चढ नाहीत हे ऐकूनच पाठीवर सॅक घेतलेली पोरं तिथे गावाकडे सायकल भाड्याने घेतात. आणि सकाळी नकाशावर ऐंशी किलोमीटरची रेघ मारतात. संध्याकाळी पाचला ती कुठल्यातरी गाईंच्या कुरणाशेजारी हवा गेलेल्या टायरकडे बघत उभी असतात. फजिती होते ती चढामुळे नाही, आपल्या पायांच्या सवयीमुळे आणि वाऱ्यामुळे. त्यातही ब्रेकपासून सुरुवात करू, कारण पहिल्या शंभर मीटरमध्येच गाठ पडते ती त्याच्याशी.

तिथल्या साध्या सायकलीला मागचा ब्रेक पुष्कळदा हँडलवर नसतोच. तो मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या पोटात असतो आणि पायडल उलटं दाबलं की लागतो. आता आपली शाळेपासूनची सवय आठवा. थांबलं की पायडल गरकन उलटं फिरवायचं, उजवा पाय वर आणायचा आणि निघायला तयार. इथे पायडल उलटं फिरतच नाही, थोडं सरकून अडकतं. म्हणून थांबता थांबताच, शेवटच्या फेरीत, उजवं पायडल उजव्या बाजूने बघितल्यास घड्याळातल्या दोनच्या जागी येईल असं बघावं. चुकलंच, तर सीट धरून मागचं चाक चार बोटं उचला आणि पावलाच्या वरच्या बाजूने पायडल पुढे फिरवा. जोरात ब्रेक हवा असेल तर दोन्ही पायडलं आडव्या रेषेत असताना मागच्या पायावर भार द्या. पायडल उभं असताना जोर लागत नाही.

यातली खरी मेख पुढे आहे. हा ब्रेक चेनवर चालतो, म्हणजे चेन उतरली की मागचा ब्रेकही गेला. चेन बंद कव्हरात असल्यामुळे उतरलेली दिसत नाही, पायडल दोन्हीकडे सैल फिरू लागलं की कळतं. भाड्याने घेतानाच पुढच्या चाकाला हाताचा ब्रेक असलेली सायकल मागावी. एरवी सपाटीवर निभावतं, पण दक्षिणेला लिम्बर्ग प्रांतात ३२२ मीटर उंचीचा फाल्सरबेर्ख आहे. तिकडच्या उतारांवर सतत दाबून धरलेला हब तापतो आणि आतलं ग्रीस पातळ होतं. उतरताना मधे थांबून त्याला निवू द्यावं.

सॅक पाठीवर ठेवू नका. भार उंचावर गेला की वळताना सायकल कलते. कॅरिअरवर रबरी पट्टे असतात, त्यांत आडवी बसवा आणि लोंबणारे बंद गाठ मारून आत खोचा. ओढणी आणि साडीच्या पदरालाही हेच लागू. मागच्या चाकावर कापड अडवणारं कव्हर असतं, पण ते वरच्या भागापुरतंच.

आता वारा. तो बहुधा नैर्ऋत्येकडून येतो आणि समुद्रापासून आत पोल्डरभर, म्हणजे पाणी हटवून केलेल्या सपाट जमिनीवर, त्याला अडवायला टेकडी नाही की झाडी नाही. हिशेब असा करा. तुम्ही ताशी १५ किलोमीटरने चालला आहात आणि समोरून वारा २० चा आहे. तुमच्या छातीवर येणारी हवा ३५ ची झाली. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून शांत हवेपेक्षा तो सुमारे साडेपाच पट होतो, आणि २० म्हणजे तिथल्या लोकांना वाराच वाटत नाही. डच हवामान अंदाजात वारा ब्यूफोर्टच्या, म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायच्या मापाच्या, आकड्यात सांगतात. ४ म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर, ५ म्हणजे २९ ते ३८. ५ असेल तर ठरवलेलं अंतर निम्मं करा. जाताना वारा तोंडावर घ्या, येताना पाठीवर. उलट केलंत तर सकाळी आपण फार दमदार आहोत असा गैरसमज होतो आणि तो दुपारी फिटतो. नेदरलँड्समध्ये उलट्या वाऱ्यात सायकल चालवण्याची अधिकृत स्पर्धाच भरते, पूर्व स्केल्ट खाडीवरच्या बांधावर साडेआठ किलोमीटर, तीही गिअर नसलेल्या साध्या सायकलवर. गंमत म्हणून बघावी.

वाट चुकणं हा वेगळा प्रकार. सायकलमार्गांचे चौक आकड्यांनी ओळखले जातात. ही पद्धत शेजारच्या बेल्जियममधल्या, त्याच नावाच्या लिम्बर्ग प्रांतात १९९५ साली सुरू झाली आणि तिथून पसरली. तुम्ही ३४, ७१, ०८ असे आकडे कागदावर लिहून हँडलला चिकटवायचे आणि पाटीवरचा बाण पाळत जायचं. घोटाळा असा की आकडे दोन अंकीच असतात आणि परत परत येतात. शेजारच्या भागातही ३४ असतोच. पायवाटांचेही आकडे असतात, त्यांच्या पाट्या लहान. त्यांच्या मागे लागलात की सायकल चिखलात जाते. दोन किलोमीटर गेलात आणि पाटीच दिसली नाही, तर पुढे न रेटता मागच्या चौकाला परत या. रस्त्याकडेला छत्रीसारख्या बुटक्या पाट्या दिसतात. १९१९ पासून त्या आहेत आणि आकडे विसरलेल्याला गावाचं नाव आणि अंतर सांगतात.

रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतील आणि त्यांची टोकं तुमच्याकडे असतील, तर थांबून वाट द्यायची ती तुम्ही. काहीच खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी, आणि १ मे २००१ पासून त्यात सायकलवालाही आला. पण आपली नजर डावीकडे चालण्याच्या सवयीने आधी उजवीकडे जाते आणि डावीकडून येणारी मोटार निसटते. फोन हातात धरून सायकल चालवायला २०१९ पासून बंदी आहे.

एक गंमत वाटेल, पण नीट ऐका. पोल्डरातल्या पाण्याच्या चाऱ्यांवर उन्हाळ्यात शेवाळासारखी बारीक पानं पसरतात. दुरून ती तंतोतंत कापलेलं गवत वाटतात, आणि सायकल टेकवायला लोक तिथेच जातात. सायकल हळूच गायब होते. खाली गुडघाभर पाणी आणि त्याखाली गाळ असतो. सायकल नेहमी डांबरावरच्या स्टँडवर उभी करा.

पंक्चरचं थोडं सविस्तर. तिथल्या बहुतेक ट्यूबना आपल्याकडच्या जुन्या सायकलीसारखाच व्हॉल्व्ह असतो. जुन्या नमुन्यात आत रबरी नळी असते, आपण तिला वॉलट्यूब म्हणतो. ती तडकली की हवा जाते आणि माणूस उगाच टायर काढत बसतो. आधी हवा भरा, व्हॉल्व्हच्या टोकावर थुंकी लावा. बुडबुडा आला तर नट काढून आतला भाग बदला, दोन मिनिटांचं काम. बुडबुडा नसेल तर पंक्चर. मास नदीच्या खोऱ्यात मेडोर्न झाडाची काटेरी कुंपणं आहेत, छाटणीनंतर काटे वाटेवर पडलेले असतात.

मागचं चाक काढू नका. बंद कव्हर, हबचा ब्रेक, शिवाय फ्रेमला धरलेली ब्रेकची लोखंडी पट्टी. ती पट्टी परत घट्ट नाही बसवली तर ब्रेक दाबताना तीच फिरते. सायकल टेकवून, चेन नसलेल्या बाजूने, व्हॉल्व्हसमोरच्या भागात प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्यांनी टायरची एक कड उचला आणि ट्यूब बाजूने ओढून काढा. हवा भरून भोक शोधा, पॉलिश पेपर घासा, सोल्युशन पातळ लावा आणि पाच मिनिटं थांबा. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच सुटतो. तेवढ्यात टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढा, नाहीतर दुसरं भोक तिथेच पडेल. नवा टायर घेताना जुन्याच्या कडेवरचा आकडा बघा: २८ इंच लिहिलेल्या चाकांत रिमचा व्यास ६२२ आणि ६३५ मिलिमीटर असे दोन असतात. एकाचा टायर दुसऱ्यावर बसणारच नाही, ट्यूब मात्र दोन्हीत चालते.

हे सगळं करूनही परतायचं जमलं नाही, तर रेल्वेगाडीत सायकल नेता येते. सायकलचं वेगळं तिकीट काढा आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते नऊ, दुपारी चार ते साडेसहा या वेळा टाळा. जुलै-ऑगस्टमध्ये ही अडचण नसते.