दुसरी रेघ

[दृश्य: टेस्टची पांढरी पट्टी, अगदी जवळून]

एचआयव्हीच्या टेस्टसाठी बोटाच्या टोकातून काढलेला रक्ताचा एक थेंब. त्यावर द्रावणाचे एक-दोन थेंब. लालसर ओल पट्टीवरून हळूहळू पुढे सरकते. काही मिनिटांत 'सी' अक्षराजवळ रेघ उमटते. तिचा अर्थ इतकाच, की पट्टी नीट चालली. ती उमटलीच नाही तर ही टेस्ट बाद, नवी पट्टी घ्यायची. बघणाऱ्याचा जीव मात्र 'टी'जवळच्या कोऱ्या जागेत अडकलेला असतो.

तिथे दुसरी रेघ उमटली, तरी या पट्टीला एचआयव्ही सापडलेला नसतो. सापडतात त्या शरीरानं त्याच्याविरुद्ध बनवलेल्या अँटीबॉडी. आणि त्या बनायला वेळ लागतो. त्या वेळात आत काय चालतं?

[दृश्य: अॅनिमेशन, पेशीजवळ येणारा विषाणू]

हा विषाणू मिलिमीटरच्या साधारण दहा हजाराव्या भागाएवढा. त्याची जनुकं अवघी ९; माणसाची २० हजारांच्या आसपास. एवढ्याशा भांडवलावर तो नेमकी सीडी४ ही पांढरी पेशी गाठतो. ही पेशी स्वतः फारशी लढत नाही. अँटीबॉडी बनवणाऱ्या आणि रोगट पेशी मारणाऱ्या पेशींना कामाला लावते ती हीच. लढणारे शाबूत, पण त्यांना हाक देणाराच गारद, असा हा प्रकार.

विषाणूवरचं जीपी१२० हे प्रथिन आधी पेशीवरच्या सीडी४ रेणूला चिकटतं. तेवढ्यानं आत जाता येत नाही. सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ यांपैकी आणखी एक रेणू धरावा लागतो. काही मोजक्या माणसांत सीसीआर५ जन्मतःच नसतो. एचआयव्ही असलेल्या टिमोथी रे ब्राउन यांना २००७ मध्ये बर्लिनला ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारात अशाच एका दात्याच्या, रक्त बनवणाऱ्या मूळपेशी दिल्या गेल्या, आणि ते एचआयव्हीतूनही बरे झाले. हा उपचार इतका जोखमीचा, की ल्युकेमियासारखं कारण नसेल तर कुणी तो सुचवणार नाही.

आत शिरल्यावर विषाणू, त्याची जनुकं ज्यात असतात त्या आरएनएवरून डीएनए लिहून काढतो. पेशी नेहमी डीएनएवरून आरएनए लिहिते, त्याच्या अगदी उलट. लिहिताना चुका होतात आणि त्या दुरुस्त करणारं कुणी नसतं. त्यामुळे शरीर एक रूप ओळखेपर्यंत दुसरं तयार. मग हा डीएनए पेशीच्या स्वतःच्या डीएनएत जोडला जातो. काही पेशी तो पोटात घेऊन वर्षानुवर्षं निपचित राहतात. तिथे औषधाचा इलाज चालत नाही, म्हणून गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात.

पहिला तडाखा बसतो आतड्याच्या अस्तराला. तिथल्या सीडी४ पेशी पहिल्या काही आठवड्यांतच मोठ्या संख्येनं संपतात. बाहेरून दिसतं काय? ताप, घसादुखी, कधी पुरळ. फ्लू समजून माणूस विसरूनही जातो. पुढे अनेक वर्षं काहीच जाणवत नाही. एक घन मिलिमीटर रक्तात ५०० ते १५०० असायला हव्यात त्या सीडी४ पेशी घटत राहतात. २०० च्या खाली गेल्या, की त्या अवस्थेला एड्स म्हणतात.

[दृश्य: पुन्हा पट्टी]

आता संसर्ग झाल्यापासून तो टेस्टमध्ये दिसेपर्यंतच्या त्या वेळाकडे येऊ. याला विंडो पिरियड म्हणतात. विषाणूचा आरएनए शोधणारी टेस्ट संसर्गानंतर साधारण १० ते ३३ दिवसांत त्याला पकडते. शिरेतलं रक्त घेऊन प्रयोगशाळेत पी२४ हे विषाणूचं प्रथिन आणि अँटीबॉडी दोन्ही तपासले, तर १८ ते ४५ दिवस. केवळ अँटीबॉडी बघणाऱ्या टेस्टला २३ ते ९० दिवस लागतात. म्हणजे शंका आल्यावर चौथ्या दिवशी केलेल्या टेस्टची कोरी जागा काहीच सांगत नाही. खरं तर याच सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तात विषाणू सगळ्यात जास्त असतो.

उलट, एका पट्टीवर दुसरी रेघ आली म्हणून निदान पक्कं होत नाही. वेगळ्या पद्धतीच्या किटवर रक्त पुन्हा तपासतात, तेव्हाच रिपोर्टवर पॉझिटिव्ह लिहितात.

आईला एचआयव्ही असेल आणि बाळ दीड वर्षाच्या आतलं असेल, तर मात्र कितीही पट्ट्या वापरा, निदान होत नाही. आईच्या अँटीबॉडी वारेतून बाळाच्या रक्तात उतरलेल्या असतात. रेघ उमटते ती आईची. म्हणून बाळाच्या टाचेतून काही थेंब घेऊन ते जाड कागदावर वाळवतात, आणि त्या वाळलेल्या ठिपक्यांत थेट विषाणूच शोधतात.